वाटसरूंचा मुक्काम : पैठण-पाचोडच्या वाटांवरील निवाऱ्यांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरहून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेला निघाले की आडूळनंतर पाचोड लागते. पुढे वडीगोद्री, मग शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई आणि बीड. पाचोड हे पैठण तालुक्यातले बाजाराचे गाव. त्याच्या पश्चिमेला पैठण आहे आणि पूर्वेला अंबड. या दोन जुन्या ठाण्यांमधल्या मुलखातून व्यापारी, भिक्षू, फकीर, वारकरी आणि लष्कर अशी सगळ्या प्रकारची माणसे गेली, आणि त्यांना रात्रीपुरते छप्पर मिळण्याची सोय दोन हजार वर्षे कुठल्या ना कुठल्या रूपात होत राहिली. खांद्यावर सॅक टाकून फिरणारे तरुण आज ज्याला हॉस्टेल म्हणतात, ती स्वस्त खाटेची आणि एका स्वयंपाकघराची जागा या साखळीतली सर्वांत अलीकडची. छपराचा खर्च कोणी सोसला, यावर तिथे कोण कोणाशेजारी झोपणार हे ठरत आले. म्हणून हा इतिहास खर्च करणाऱ्यांपासून पाहावा लागतो.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचहून पैठण दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर आणखी पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचच्या बंदराला जाई. वीस दिवसांची वाट म्हणजे सुमारे वीस मुक्काम. ते सगळे मुक्काम कुठे होते हे कोणत्याही ग्रंथात नाही, पण दगडात काही खुणा राहिल्या आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, खांब दान दिल्याचा लेख आहे. त्याच लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या घराण्याचेही दान नोंदलेले आहे. विहारांतल्या खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे भिक्षूंसाठी होते, आणि व्यापाऱ्यांचे तांडे अशा लेण्यांच्या आसऱ्याने थांबत असावेत असे अभ्यासक मानतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, कोकणातून वर येणाऱ्या वाटेवर, राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख असलेले लेणे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे. वाट वापरणाऱ्याकडून कर घ्यायचा आणि वाटेवरचा आसरा दानातून उभा करायचा, ही व्यवस्था इथून पुढे फार काळ टिकली.

तेराव्या शतकात याच गोदाकाठाने चक्रधरस्वामी हिंडले. त्यांच्या महानुभाव पंथात अटन, म्हणजे एका जागी न राहता फिरत राहणे, हा साधनेचाच भाग होता. म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त मुक्कामाच्या जागा सतत येतात : कुठल्याशा देवळाचा मंडप, मठाची पडवी, नदीकाठचे झाड, गावाबाहेरचे ओसाड देऊळ. स्वामींच्या सोबत महदाइसेसारख्या स्त्रियाही या वाटा चालल्या. पुढे चौदाव्या शतकात पंथीयांनी ‘स्थानपोथी’ तयार केली. स्वामी जिथे पुष्कळ दिवस राहिले ते ‘अवस्थान’, जिथे एक रात्र काढली ती ‘वसती’, जिथे नुसते टेकले ते ‘आसन’, अशी विभागणी करून गावोगावच्या जागा तिच्यात नोंदल्या आहेत. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला मठ आहे, असा बारीक तपशील त्यात येतो. प्रवाशाच्या मुक्कामांची इतकी नेटकी नोंद त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या मराठी ग्रंथात क्वचितच सापडेल. मराठवाड्यातल्या भूगोलाच्या अभ्यासकाने ती पोथी नकाशा म्हणून वाचावी इतकी ती मोलाची आहे.

सोळाव्या शतकात पैठणच्या वाड्यात एकनाथ महाराजांनी आल्यागेल्यासाठी दार उघडे ठेवले. श्राद्धाचा स्वयंपाक दाराशी आलेल्या अस्पृश्यांना वाढल्याची आणि काशीहून आणलेली कावड तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या वाड्यात, म्हणजे आजच्या गावातल्या नाथमंदिरात, पाण्याचा एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवानेच नाथांघरी पाणी भरले अशी श्रद्धा असल्याने तुकाराम बीजेला या रांजणाची पूजा होते आणि नाथषष्ठीपर्यंत भाविक तो भरत राहतात. ज्याच्या घागरीने रांजण ओसंडून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देव येऊन गेला असे मानतात. पाहुण्यासाठी पाणी भरणे हीच पूजा, असा या रिवाजाचा गाभा आहे, आणि पाहुणचाराच्या बाबतीत पैठणने महाराष्ट्राला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्यात पैठणहून निघते आणि पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू या वाटेने ‘भानुदास एकनाथ’ असा गजर करीत आषाढीला पंढरपूरला पोहोचते. उत्तरेकडून येणारी मुक्ताबाईंची पालखी अंबड, गेवराई, बीड या मार्गाने जाते, म्हणजे पाचोडच्या पूर्वेच्या शिवारांतूनच. दिंडीचा मुक्काम हा चालता-फिरता निवारा असतो. पुढे गेलेला ट्रक मोकळ्या रानात पाल किंवा राहुटी टाकून ठेवतो, पाण्याचा टँकर उभा राहतो, शाळेच्या खोल्या आणि देवळाचे मंडप आधीच ठरलेले असतात. जेवणाची सोय दिंडीच्या भिशीतून होते. प्रत्येक वारकरी ठरलेली रक्कम भरतो आणि रोजच्या पंगतीला बसतो. याशिवाय अनेक गावे पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक जेवणाचे यजमानपद सांभाळतात आणि ते दुसऱ्या गावाला देत नाहीत. पालातल्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसले तरी अडत नाही, कारण सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. दोन-तीन आठवडे एकाच पालात झोपलेली माणसे पुढे आयुष्यभर एकमेकांच्या घरच्या लग्नाकार्याला जातात.

सुलतानी आणि मोगल काळात व्यापारी मार्गांवर सराया उभ्या राहिल्या. मलिक अंबरने १६१०च्या सुमारास वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, झाली आणि सुरत ते गोवळकोंडा हा मोठा रस्ता तिथून जाऊ लागला. हिऱ्यांच्या व्यापारासाठी या रस्त्याने गेलेल्या टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या मुक्कामांच्या यादीत दौलताबाद, औरंगाबाद, पिंपळी, अंबड, आष्टी, नांदेड अशी गावे दिली आहेत. पाचोडचे शिवार या रस्त्यापासून फार दूर नाही. सराई म्हणजे कोट घातलेले आवार आणि त्यात गवताने शाकारलेल्या पन्नास-साठ झोपड्या, असे वर्णन त्याने केले आहे. तिथे पीठ, तांदूळ, तूप आणि भाजी विकणारी बायका-माणसे असत, आणि प्रवाशाला भाकरी किंवा भात शिजवून देत. सरायांतल्या या स्वयंपाकाचा आणि चाकरीचा व्यवसाय करणारे लोक उत्तर हिंदुस्थानात भटियारे म्हणून ओळखले जात. टॅव्हर्नियरच्या मते हिंदुस्थानातला प्रवास फ्रान्स किंवा इटलीतल्यापेक्षा कमी सोयीचा नव्हता. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली सराई आजही उभी आहे.

या काळातली सर्वांत विलक्षण जागा मात्र औरंगाबादेतच आहे, ती म्हणजे पाणचक्की. पर्यटक ती चक्की आणि पाण्याचा झोत पाहून परत फिरतात. मुळात ती बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या तकियाचा, म्हणजे फकिरांच्या मठाचा, भाग होती. बाबा मुसाफिर आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश हे दोघेही मध्य आशियातले, बुखाऱ्याकडच्या मुलखातले. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेच्या वर्षांत तुराणी शिपाई, फकीर, विद्यार्थी आणि नशीब काढायला निघालेले तरुण हजारो मैल चालून दख्खनेत येत. त्यांना आपली भाषा बोलणारे, आपले जेवण देणारे आणि गावाकडची बातमी सांगणारे ठिकाण म्हणजे हा तकिया. तिथल्या आठवणी मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी फारसीत ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या ग्रंथात लिहून ठेवल्या. संतचरित्राच्या निमित्ताने त्यात वाटसरूंचे जग दिसते : कोणी पगार थकल्यामुळे अडकलेला, कोणी आजारी पडलेला, कोणी मायदेशी जाणाऱ्या सोबतीच्या शोधात. पलंगपोश १६९९ मध्ये आणि मुसाफिर १७१५ मध्ये वारले, पण तकियाचे काम पुढेही चालले आणि आजची बरीचशी बांधणी त्यांच्यानंतरची आहे.

या जागेची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातले झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून उंच भिंतीवर चढवलेले आहे. तिथून ते खालच्या हौदात पडते. पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चक्कीवर तकियात राहणाऱ्यांचे आणि यात्रेकरूंचे धान्य दळले जाई. मशिदीसमोरचा मोठा हौद जमिनीत खोदलेला नाही. त्याचा तळ हाच खालच्या भव्य दालनाचा माळा आहे आणि जाड खांबांच्या रांगांनी तो पेलला आहे. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये डोक्यावर पाणी असलेल्या अशा दालनात थंडावा किती मोलाचा, हे या भागात उन्हाळा काढलेल्याला सांगावे लागत नाही. खर्च वक्फ जमिनींच्या उत्पन्नातून आणि मनसबदार मुरीदांच्या देणग्यांतून चाले.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्तुगीजांच्या ब्राझीलमध्ये, खेचरांचे तांडे हाकणारे लोक खाणींच्या प्रदेशातून बंदरांकडे माल नेत होते. ‘ट्रोपेइरो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तांडेवाल्यांसाठी वाटेवर ‘रांचो’ असत : चार खांबांवर छप्पर, बहुधा भिंतीशिवाय. तिथे झोपायचे पैसे पडत नसत. शेजारच्या दुकानातून खेचरांसाठी मका आणि माणसांसाठी खाणेपिणे विकत घेतले की झाले. १८१६ ते १८२२ या काळात ब्राझील फिरलेल्या सँ-इलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा रांचोंत कित्येक रात्री काढल्या. मोगल सराई आणि ब्राझिली रांचो यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी छप्पर फुकट आणि शिधा विकत हा हिशेब दोन्हीकडे निघाला, कारण जनावरे आणि माल घेऊन चालणाऱ्याची गरज सगळीकडे तीच होती.

अठराव्या शतकात धर्मशाळा बांधणे हे मराठी राजवटीत मोठ्या पुण्याचे काम झाले. या कामातले सर्वांत मोठे नाव चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे (१७२५ ते १७९५). काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे त्यांनी उभी केली, आणि वेरूळचे घृष्णेश्वर मंदिरही त्यांनीच नव्याने बांधले. पुढे रेल्वे आली तशी मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी स्टेशनांजवळ धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळेचा साचा साधा होता. मधे चौक, भोवती ओवऱ्या, एका बाजूला विहीर किंवा आड, आणि काळवंडलेल्या भिंतीशी तीन दगडांच्या चुली. राहण्याची मर्यादा बहुधा तीन दिवसांची. मालकाने छप्पर द्यायचे, आणि कोरडा शिधा, सरपण, भांडी प्रवाशाने पाहायची. दारावरच्या शिळेवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असे.

त्याच शिळेवर पुष्कळदा कोणाला प्रवेश आहे हेही असे. अमुक जातीसाठी, अमुक समाजासाठी, अशा धर्मशाळा सर्रास होत्या. सगळ्यांसाठी खुली म्हटलेली धर्मशाळाही अस्पृश्यांना बंद असे. सोवळ्याच्या नियमामुळे एका चौकात दहा चुली पेटत आणि दहा घरांचे जेवण वेगळे शिजे. धर्मशाळांचे कौतुक करताना ही बाजू गाळणे म्हणजे इतिहासच अर्धा सांगणे होय. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह नाशिकहून बसने वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत त्रास नको म्हणून ओळख उघड न करता प्रवास करायचे त्यांनी ठरवले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर सगळ्यांनी धुळीने माखलेले हातपाय धुतले, तेवढ्यात हौद बाटवला म्हणून ओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला तो पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, आणि सोबत एक हत्यारी शिपाई देऊन. आपल्या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. ज्या जिल्ह्यात नाथांच्या रांजणाची पूजा होते त्याच जिल्ह्यातली ही हकीकत आहे.

या अन्यायावर धर्मशाळेच्याच मार्गाने उत्तर दिले ते गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६). पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही सोय केली, कारण गावाकडून येऊन इस्पितळाच्या फुटपाथवर पडणारी माणसे त्यांनी पाहिली होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा मुळात अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. ती १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः गाडगेबाबा मात्र आपण बांधलेल्या छपराखाली राहत नसत. हातात खराटा, डोक्यावर फुटके मडके, आणि मुक्काम झाडाखाली. त्यांच्या सहवासात वाढलेला एक मुलगा पुढे मराठीतला मोठा भटक्या लेखक झाला. घर सोडून बाहेर पडलेले गोपाळ नीळकंठ दांडेकर बाबांबरोबर हिंडले, त्यांनी नर्मदा परिक्रमा केली, आणि नंतर गडकोटांची वाट मराठी तरुणांना दाखवली. सह्याद्रीत फिरणारे ट्रेकर आजही गडाखालच्या गावातल्या मारुतीच्या देवळात पथारी पसरतात, आणि गावकरी पिठलं-भाकरीचे विचारायला येतात.

निजामी राजवटीत सरकारी बंगल्यांची भर पडली. टपालवाटांवरचे डाक बंगले आणि लेण्यांजवळचे ट्रॅव्हलर्स बंगले हे साहेब आणि सरकारी पाहुण्यांसाठी होते, सामान्य प्रवाशाला स्टेशनजवळचा मुसाफिरखाना. याच काळात अजिंठ्याने एक आगळा मुक्काम पाहिला. १९०९ ते १९११ या वर्षांतल्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांनी फर्दापूरला तळ ठोकून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. बंगालहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण आणि हैदराबाद संस्थानातले सय्यद अहमद या तळावर एकत्र राहिले. नंदलाल बोस यांनी पुढे शांतिनिकेतनात जी कला शिकवली तिच्यात अजिंठ्याच्या त्या दिवसांचा वाटा फार मोठा आहे.

मनमाड-औरंगाबाद-सिकंदराबाद रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली. पाचोडला ती लागली नाही, त्यामुळे हा पट्टा बैलगाडीचा आणि पुढे मोटारीचाच राहिला. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर एसटी गावोगाव पोहोचली आणि मुक्कामाची गरजच कमी झाली. जी वाट दोन दिवसांची होती ती दोन तासांची झाली. बैलगाडीच्या टप्प्यांवरच्या धर्मशाळा ओस पडल्या. कुठे त्यांत ग्रामपंचायतीचे कार्यालय भरले, कुठे शाळा, कुठे नुसत्या भिंती उरल्या.

याच विसाव्या शतकात युरोपात वेगळीच कल्पना रुजली. जर्मनीतल्या रिखार्ड शिरमान या शिक्षकाची मुलांबरोबरची पायी सहल १९०९ मध्ये वादळी पावसात सापडली आणि सगळ्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. त्यातून सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळा फिरत्या मुलांना द्याव्यात हे त्याला सुचले. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे यूथ हॉस्टेल उघडले. श्रीमंत-गरीब सगळ्यांनी एकाच दालनात झोपायचे, आपली ताटली आपण धुवायची, हे त्याचे नियम. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशन १९४९ मध्ये स्थापन झाली, आणि औरंगाबादला स्टेशन रोडवर पदमपुऱ्यात यूथ हॉस्टेल उभे राहिले. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले कमी पैशांतले देशी-परदेशी प्रवासी तिथे एकाच दालनात उतरू लागले. ब्राझीलमध्येही हे हॉस्टेलांचे जाळे १९६०च्या दशकातच सुरू झाले आणि रिओ ते साल्वादोर अशा किनारी शहरांत पसरले.

१९६० आणि ७०च्या दशकांत इस्तंबूलहून काबूलमार्गे जमिनीवरून येणारे हिप्पी गोव्यात उतरले. हणजूण, कोलवा, हरमल इथल्या कुटुंबांनी त्यांना घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या आणि पाहता पाहता तो किनाऱ्यावरचा धंदा झाला. गोव्याहून हंपी, हंपीहून वेरूळ-अजिंठा अशी त्यांची फिरती असे. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत आल्यावर औरंगाबादला येणाऱ्यांची संख्या वाढली. आता गोव्यात आणि मोठ्या शहरांत दुमजली खाटांच्या डॉर्मिटरी झाल्या आहेत. खाट मोबाइलवरून घ्यायची, कुलपाचे कपाट मिळते, वर गच्चीवर किंवा खाली अंगणात गप्पा. जातीची चौकशी तिथे कोणी करीत नाही. ज्याच्याकडे खाटेचे पैसे आहेत तो शेजारी. बाबासाहेबांना १९३४ मध्ये जे मिळाले नाही ते या पलंगांनी दिले आहे, ही गोष्ट छोटी मानता येणार नाही. मात्र पैसे नसलेल्यासाठी त्यांत जागा नाही, ती अजूनही देवळाच्या मंडपात, दर्ग्याच्या आवारात, गुरुद्वाराच्या लंगरात आणि दिंडीच्या पालातच आहे.

पाचोडचा महामार्ग आता चौपदरी आहे. हंगामात इथल्या मोसंबीच्या बाजारात परराज्यांतले व्यापारी उतरतात, माल भरायला आलेले ट्रकवाले रस्त्याकडेच्या ढाब्यांवर थांबतात. ढाब्यावर जेवणाचे पैसे दिले की आवारातल्या बाजेवर पाठ टेकायला कोणी हरकत घेत नाही. पंढरीकडे निघालेल्या दिंड्या उन्हाळ्याच्या अखेरीस या भागातून जातात तेव्हा गावकरी शाळेच्या खोल्या उघडतात, महिला मंडळे भाकरी थापतात, तरुण मुले पाण्याचे टँकर लावतात. त्याचा खर्च वर्गणीतून होतो आणि हिशेब गावाच्या वहीत लिहिला जातो.